नळ्यांखालचं लाकूड

रेडीच्या बंदरावर तेव्हा लोहखनिज बोटींत चढवायचं काम जोरात होतं. तिथल्या वर्कशॉपात मी फिटर होतो. त्याआधी लढाईच्या वर्षांत लष्कराच्या दुरुस्तीखान्यात नोकरी केली होती. रायफली सोडवायच्या, पुसायच्या, तपासायच्या आणि परत जोडायच्या. त्यामुळे बंदूक दिसली की लोक दोन पावलं मागे सरतात तसं माझं कधी होत नसे. बंदूक म्हणजे थोडं लोखंड, थोडं लाकूड आणि दोन-तीन स्प्रिंगा. आजही मी तेच म्हणतो. फक्त आचऱ्याच्या त्या एका बंदुकीबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

माझी धाकटी बहीण तुळसा आचऱ्याला दिलेली. एकोणसाठ साली, मार्गशीर्ष लागायच्या सुमाराला, आचऱ्याचा एक खलाशी गलबतावरून रेडीला उतरला आणि वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुळसान सांगल्यान, गावपळणीच्या आदी येवक होया. आणि येताना हत्यारां घेवन ये."

"कसली हत्यारां?"

"तुझी. पाने-बिने. जास्ती काय सांगूक नाय तिणा."

गावपळण आचऱ्याला दर काही वर्षांनी होते. रामेश्वराचा कौल मिळाला आणि नगारा वाजला की सगळा गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, कोणीही मागे राहत नाही. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, माणूस फिरत नाही. त्या दिवसांत गाव माणसांचा नसतो, एवढंच लोक म्हणतात. कोणाचा असतो ते कोणी म्हणत नाही.

मी रजा काढली. वेंगुर्ला, मालवण, मग कोळंबची खाडी होडीने ओलांडून दुपारी आचऱ्याला पोचलो. तुळसाचं घर गावाच्या एका टोकाला होतं, चिऱ्याच्या भिंतींचं, पुढे खळं, खळ्यापुढे कापणी झालेले मळे आणि मळ्यांपलीकडे ओहोळ. ओहोळाच्या पलीकडच्या काठापासून दुसरी शीव लागते. खळ्यात बसून तुळसा झोपडीसाठी माडाच्या झापा विणत होती. मला पाहून ती हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. वरचे दोन दात नव्हते. उजवं मनगट वाकडं बसलं होतं.

"गुरुदास खंय?"

"देवळात. बैठक आसा. तिन्हीसांजेशिवाय येवचो नाय."

गुरुदास म्हणजे तिचा नवरा. देखणा माणूस. भजनात पखवाज असा वाजवायचा की म्हातारी माणसं डोळे पुसायची. राग आला की मात्र त्याच्या हसण्याच्या आणि मारण्याच्या मध्ये एकही पायरी नव्हती.

तुळसा आत गेली आणि गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. ते तिने माझ्यासमोर ठेवलं आणि गोधडी बाजूला केली. दुनळी बंदूक.

"दादा, ही सुटी कर."

"सुटी म्हणजे?"

"मोडू नको. मोडलेली गावली तर तो माका मोडतलो. नुसती सुटी कर. येकेक तुकडो वेगळो ठेवया."

मग तिने सांगितलं. भाई म्हणून गुरुदासचा चुलतभाऊ होता, शेजारच्याच वाडीतला. दोघांच्या बागांमध्ये एक पाणंद होती आणि ती कोणाची यावरून भांडण होतं. दिवाळीनंतर भाईची गाभण म्हैस पाणंदीत आली, तेव्हा गुरुदासने ह्याच बंदुकीने तिच्या पोटात बार घातला. म्हैस लगेच मेली नाही. तिच्या ओरडण्याने वाडीतल्या कोणाला त्या रात्री झोप लागली नाही आणि गुरुदास ओट्यावर बसून पान खात होता.

"पळणीत आमचा खोपटा नि भाईचा खोपटा लागीलागी," तुळसा म्हणाली. "ह्या वर्षी भाईक शिवेभायर गाडतंय असा बोललो तो. तो बोलता ता करता."

"मग तू चल माझ्यावांगडा. आत्ता चल."

"तो थय येतलो. बंदूक घेवन येतलो. तुझी पोरां आसत थय."

तिने पुन्हा झाप ओढून घेतली आणि विणता विणता म्हणाली, "गेल्या वर्षी माका दिवस होते. चौथो म्हयनो. ह्याच बंदुकीचो दस्तो मारल्यान पोटात."

हे मला माहीत नव्हतं. सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही. मी हत्यारांची पिशवी सोडली.

बंदूक बेल्जियमची होती, बाहेरच्या दोन घोड्यांची. गुरुदासच्या बापाने ती गोव्याहून आणली होती, परवान्याची होती. उघडून पाहिली, नळ्या रिकाम्या होत्या.

"काडतुसां खंय?"

"तेच्या कमरेक. निजतानाय सोडीत नाय."

दुनळी बंदुकीत नळ्यांखाली, जिथे डावा हात धरतात तिथे, लाकडाचा वीतभर लांब तुकडा असतो. तो निघाल्याशिवाय नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होत नाहीत. चांगल्या बंदुकांत त्याला खिट्टी असते, दाबली की सुटतो. ह्या बंदुकीला खिट्टी नव्हती. नळीच्या पोटाला एक आकडा आणि लाकडाच्या आत जाड स्प्रिंग, एवढ्यावरच तो धरून ठेवलेला. बंदूक मिटायची, उलटी मांडीवर घ्यायची आणि लाकडाचं पुढचं टोक नळीपासून दूर ओढायचं. टप्प आवाज होतो आणि लाकूड हातात येतं. शिकाऊ मुलगासुद्धा करतो.

मी ओढलं. लाकूड हललं नाही.

यात नवल नव्हतं. समुद्रकाठची हवा, पावसाने फुगलेलं लाकूड, आत गंज. तुळसा म्हणाली की सासऱ्याच्या वेळेपासून हे लाकूड कोणी काढलेलं नाही. मी नळी आणि लाकूड यांच्या फटीत तेल सोडलं, ते मुरू दिलं, चहा प्यालो. लाकडी हातोडीने हलक्या हाताने सगळीकडून ठोकलं. पुन्हा ओढलं. अशा वेळी फटीत पेचकस घालून उचकटायचा मोह होतो. त्याने लाकूड फुटतं आणि मोडायचं तर नव्हतं. शेवटी तुळसाच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून लाकडाच्या टोकाला वेढली, नळ्यांवर पाय दिला आणि दोन्ही हातांनी पट्टी ओढली.

तेव्हा मला पहिल्यांदा वेगळं वाटलं. अडकलेली वस्तू ओढली की ती येते किंवा येत नाही. हे लाकूड थोडंसं येत होतं आणि परत जात होतं. स्प्रिंग असणार, असं मी मनाशी म्हटलं. पण स्प्रिंगेची ओढ सारखी असते. ही ओढ माझ्याबरोबर चालत होती. मी जोर लावला की तीही लागे, मी दम घेतला की तीही सैल पडे. एखाद्याने धरलेला हात सोडवताना लागते तशी.

मी घामाघूम झालो. पट्टी सोडून मागे टेकलो.

"थांब," तुळसा म्हणाली. "माका बघूंदे."

तिने डावा हात लाकडाखाली घातला. ओढलं म्हणता येणार नाही, नुसता हात घातला. टप्प झालं आणि लाकूड तिच्या तळव्यावर आलं.

"मी सैल केलंय म्हणान," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली.

लाकडाला बाहेरून पकडीसाठी चौकटी-चौकटींची बारीक नक्षी कोरलेली होती. आत जुनं वंगण घट्ट होऊन बसलं होतं. मी आतल्या बाजूवर अंगठा फिरवला. कोमट होती. आम्ही खळ्यात सावलीला बसलो होतो आणि बंदूक सकाळपासून गोधडीत होती. माझ्याच हातांची ऊब असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

नळ्या वेगळ्या केल्या, आतून पुसून खोबरेलाचा हात दिला आणि भाताच्या कणगीत खोल पुरल्या. तुळसाने वरचं भात सारखं करून त्यावर सूप उपडं दाबून खूण केली. चोरी झाली तर कळावी म्हणून आमच्याकडे बायका करतात तशी. दस्ता माळ्यावर जळाऊ लाकडांच्या मागे सरकवला. नळ्यांखालचं लाकूड मी माझ्या पिशवीत टाकलं. एक गोष्ट मी तुळसाला सांगितली नाही. ते लाकूड नसलं तरी बंदूक उडते. नळ्या आणि दस्ता दोन्ही सापडले तर गुरुदासला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगारा वाजला. रस्ता माणसांनी आणि गुरांनी भरून गेला. गुरुदास घरात बंदुकीच्या कोपऱ्यासमोर उभा राहिला. मग बाहेर येऊन माझ्याकडे आणि तुळसाकडे पाहून हसला.

"बंदूक चालत गेली काय गो?"

दारावरून सगळी वाडी चालली होती. त्याने भिंतीवरचा कोयता काढून कमरेला लावला, घराला कडी घातली आणि आमच्या पुढे चालू लागला.

ओहोळापलीकडच्या काजूंच्या उतारावर झोपड्या पडल्या. पळण म्हणजे एरवी मजा असते. पोरं ओहोळात डुंबतात, पत्ते रंगतात, कोंबड्या शिजतात. आमची झोपडी सगळ्यांत खाली, काठाला. शेजारी भाईची. भाई साधा, जाडसर माणूस होता. तो गुरुदासकडे पाठ करून बसायचा आणि मग पाठ केली आहे हे आठवून वळून बसायचा.

दुपारी गुरुदास पोटभर जेवला. हात धुतला. ओल्या हातानेच त्याने तुळसाचे केस धरले आणि तिचं तोंड चुलीतल्या निखाऱ्यांवर नेलं.

"बोल. खंय ठेवलंस?"

ती ओरडली नाही. तिच्या भुवया जळाल्याचा वास आला. मी चुलीशेजारचा ओंडका उचलून त्याच्या पाठीत घातला. तिसऱ्या तडाख्याला त्याने तिला सोडलं, वळला आणि कोयता मारला. मी हात आडवा धरला. कोपराखाली कोयता हाडापर्यंत गेला. हाडाला लागल्याचा आवाज मी ऐकला. मी खाली पडलो. तो दुसरा घाव घालणार तेवढ्यात भाईने मागून त्याला मिठी मारली. आणखी माणसं धावली. कोयता ओहोळात पडला. गुरुदासने भाईचा कान दातांत धरला आणि खालची पाळी तोडून थुंकली.

मग तो शांत झाला. तोंड पुसून हसला.

"भाई, आज पोटभर जेव. मी बंदूक घेवन येतंय."

आबा म्हणून गावकऱ्यांतले वडीलधारे होते. ते काठी टेकत काठावर येऊन त्याच्यासमोर उभे राहिले.

"गुरुदासा, शीव वलांडू नको. गाव आज आपलो नाय."

"माझा घर माझाच आसा."

"आज नाय आसा, बाबा."

त्याने आबांना बाजूला सारलं आणि ओहोळात उतरला. गुडघाभर पाणी होतं. मळ्यांतून तो घराकडे जाताना आम्हा सगळ्यांना दिसत होता. दाराची कडी काढून तो आत गेला.

तुळसाने माझा हात लुगड्याच्या पदराने आवळून बांधला. मी तिला हळूच विचारलं, "कणगीत बघीत काय तो?"

"बघूंदे," ती म्हणाली.

कोणीतरी माझ्या डोक्याखाली पिशवी ठेवली होती. दुपार तशीच गेली. कोणी पत्ते काढले नाहीत. आत सामान फेकल्याचे, भांडी आपटल्याचे आवाज वाऱ्यावर येत होते. उन्हं तांबूस व्हायच्या आधी बार झाला.

एकच. मळ्यांतले बगळे उठले. माणसं झोपड्यांच्या मागे पळाली, बायकांनी पोरं पोटाशी घेतली. भाई जागच्या जागी बसून राहिला, रक्ताळलेला कान हाताने दाबून, दाराकडे बघत. सगळे त्याच दाराकडे बघत होते. गुरुदास बंदूक घेऊन बाहेर येईल म्हणून.

तो आला नाही.

माझ्या मानेला काहीतरी पोळलं. मी उठून बसलो आणि पिशवी उघडली. लाकडाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. बार भरभर उडवले की नळ्या तापतात आणि त्यांच्याबरोबर हे लाकूडही तापतं, हे मला ठाऊक आहे. पण त्यासाठी ते नळ्यांखाली असावं लागतं.

थोड्या वेळाने घरातून गुरुदासचा आवाज येऊ लागला. आधी शिव्या होत्या. मग नुसतं ओरडणं. मग तो पाणी मागू लागला.

मी उभा राहिलो, पण डोळ्यांपुढे अंधारी आली. आबांनी मान हलवली. कोणी हललं नाही. उठला तो भाई. त्याने तांब्या भरून घेतला, ओहोळ ओलांडला आणि अर्धा मळा चालून गेला. तिथे थांबला. बराच वेळ थांबला. मग परत आला आणि तांब्यातलं पाणी काठावर ओतून टाकलं.

"काय झाला?" आबांनी विचारलं.

"दारात कोण तरी उभा आसा."

"गुरुदास?"

"तो भुतूर वराडता." भाईने तांब्या खाली ठेवला. "दाराकडे तोंड करून उभा आसा ता. माझ्याकडे पाठ होती."

आम्ही दाराकडे पाहिलं. आम्हाला दार बंद दिसत होतं.

त्या रात्री तो ओरडत राहिला. सकाळीही. आवाज बारीक होत गेला, तरी थांबला नाही. बायकांनी कानांत कापूस घातला. तुळसाने पेज केली, मला भरवली, भांडी घासली. घराच्या दिशेला ती एकदाही वळली नाही.

मध्यान्हीला ती माझ्या शेजारी बसून नारळ खवत होती. उजव्या हाताने, वाकड्या मनगटाने, कवड विळीवर फिरवत होती. डावा हात मोकळा, मांडीवर पालथा होता. पिशवी माझ्या दोन पायांमध्ये होती. मी मुद्दाम ठेवली होती. मला पाहायचं होतं.

घरातला आवाज अचानक मोठा झाला.

"नको गो," तो म्हणाला. स्पष्ट ऐकू आलं. "नको गो तुळशे."

तुळसाचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. पुढे गेला. तळवा वर झाला आणि बोटं कशावर तरी मिटली.

बार झाला.

पिशवीतून तापलेल्या वंगणाचा वास आला. कापडावर एक तपकिरी डाग उमटला आणि पसरला.

मग कसलाच आवाज नव्हता. तुळसाचा हात तसाच होता, मिटलेला. मी तो धरला आणि एकेक बोट उघडलं.

तळव्यावर चौकटी-चौकटींची नक्षी उठली होती. लाल, बारीक, ओळीत. माझ्या डोळ्यांदेखत तिच्यावर फोड आले.

"हात भाजलो," ती म्हणाली आणि खवलेलं खोबरं उचलून ठेवलं.

देवाचा कौल झाल्यावर गाव परत भरला. तुळसाच्या घरात सगळ्यांत आधी आबा आणि मी गेलो. पुढचं दार आतून लावलेलं होतं. ते फोडावं लागलं. दारामागे पेटी, पाटा, दगडी उखळ आणि भाताची दोन पोती रचलेली होती. पाटा त्याने एकट्याने कसा ओढला असेल ते देव जाणे. आतल्या भिंतीला टेकून गुरुदास बसला होता. पहिला बार पोटात बसला होता. आतडी त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, ती तशीच सुकली होती. दुसरा बार तोंडात, इतक्या जवळून की केस जळले होते आणि मागच्या चिऱ्यात छर्रे रुतले होते. मागचं दारही आतून बंद होतं. खिडक्यांचे गज शाबूत होते.

मी कणगीकडे गेलो. भातावर सुपाची खूण जशीच्या तशी होती. हात खुपसून नळ्या बाहेर काढल्या. मी दिलेलं खोबरेल जळून आत काळी पुटं धरली होती. बंदुकीच्या दारूचा ताजा वास येत होता. दस्ता माळ्यावर लाकडांच्या मागे होता. त्याच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

मालवणहून फौजदार आले. शहाणा माणूस होता, आरडाओरडा केला नाही. मला ओट्यावर बसवून विचारलं.

"बंदूक तुम्ही सोडवली?"

"हो."

"नळ्या कणगीत, दस्ता माळ्यावर, आणि हे लाकूड तुमच्यापाशी?"

"हो."

"मग बार कशाने झाले?"

पळणीतल्या सगळ्या माणसांनी जबाब दिला की मी आणि तुळसा क्षणभरही काठावरून हललो नाही. भाईने काय पाहिलं ते त्याने जबाबात सांगितलं नाही. लाकूड तापल्याचं मीही सांगितलं नाही. फौजदारांनी बंदुकीचे तिन्ही तुकडे पोत्यात बांधून नेले आणि पुढे त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. गुन्हा कोणा अज्ञात इसमावर नोंदला गेला.

तुळसा रेडीला आली नाही. मी खूप सांगून पाहिलं. ती त्याच घरात एकटी राहिली, मळे खंडाने न देता स्वतः करवून घेऊ लागली. भाईने पाणंदीचं भांडण काढलं नाही. उलट त्याची बायको वेळी-अवेळी तुळसाला मासळी आणून द्यायची, पण उंबऱ्याच्या आत यायची नाही. तुळसाच्या अंगावर मांस आलं. ती आता हसताना तोंडावर हात धरत नसे.

पुढची गावपळण आली तेव्हा सामान उचलायला म्हणून मी पुन्हा गेलो. माझा हात जड वस्तू उचलत नव्हता, तरी गेलो. झापा बांधून झाल्या, गाय सोडली, कोंबड्या टोपलीत घातल्या. नगारा वाजू लागला तरी तुळसा बाहेर येईना. मी आत पाहिलं तर ती चुलीपाशी होती. ताजा भात, ताजी डाळ. माजघरात पाट मांडून, केळीचं एक पान धुऊन, त्यावर तिने वाढलं. वर तूप सोडलं. पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

"कोणाक गो ह्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. समजत कसं नाही, असं.

"घर राखता तेका," ती म्हणाली.

आम्ही कडी घालून निघालो. ह्या वेळी पळण चांगली झाली. पाऊस नाही, भांडण नाही. रात्री भजन झालं, पखवाज दुसऱ्या कोणी वाजवला. ओहोळापलीकडे घर शांत दिसत होतं. मी बरेचदा पाहिलं.

कौल झाला आणि आम्ही परतलो. कडी आम्ही घातली तशीच होती. तुळसा सरळ माजघरात गेली, मी तिच्यामागे. पान स्वच्छ जेवलेलं होतं आणि जेवून उठताना आपण मिटतो तसं मधोमध मिटून ठेवलेलं. तांब्या रिकामा होता. तुळसाने ते पान उचललं आणि शेण फिरवायला वाकली. तशीच वाकलेली राहिली.

गुरुदास ज्या भिंतीला टेकलेला सापडला, तिच्या कडेला दुसरं पान मांडलेलं होतं. ते तिने मांडलं नव्हतं, ती वाढत होती तेव्हा मी समोर उभा होतो. त्यावर अन्न नव्हतं. फक्त कडेला, माशाचे काटे आपण काढून ठेवतो तिथे, शिशाचे छर्रे काढून नीट ढीग करून ठेवले होते.